घोडेकड्याचा पडदा

पडदा पुरता उलगडायच्या आतच रंगराव मोहिते म्हणाले, "हा महाल कुणाचा?"

देवळाच्या मंडपात आम्ही मंडळाचे लोक उभे होतो. पडदा रंगवणारी गुंडाप्पा पेंटरांची मुलगी शालन दोर सैल सोडत होती आणि बांबूला गुंडाळलेलं मांजरपाट हळूहळू खाली येत होतं. तिने दोर खुंटीला बांधला, हाताला लागलेला रंग पदराला लागणार नाही अशा बेताने हात झटकले आणि सांगितलं की हा महाल नाही. हा घोडेकडा आहे. वनवासाच्या प्रवेशाचा पडदा.

रंगरावांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. देवळाची पाठ डोंगराकडे होती, त्यामुळे त्यांना तिथल्या तिथे पडताळून बघता आलं नाही, आणि तशी गरजही वाटली नाही.

"घोडेकडा मी जन्मापास्नं बघतोय," ते म्हणाले. "हे खांब हायत."

तांबुळवाडीच्या नाट्य मंडळात राजाचं काम कायम रंगरावांकडे असे. ते दूध संस्थेचे सचिव होते. पहाटे बर्फाच्या गाडीवरच्या माणसाला हाका मारून त्यांचा आवाज तयार झाला होता, आणि मुकुट त्यांच्या स्वतःच्या मालकीचा होता. मी त्या मंडळाचा प्रॉम्प्टर. तेव्हा मी नुकताच बी.ए. होऊन गावात परतलो होतो आणि काहीच करत नव्हतो, म्हणून सगळे मला बीए म्हणत. माझं खरं नाव वापरायची वेळ गावावर फारशी आली नाही.

नाटक दरवर्षी जत्रेत होई. निवृत्त तलाठ्यांनी लिहिलेलं होतं. नाव बदले; राजा, त्याचा वनवास आणि शेवटी त्याचं राज्य परत मिळणं एवढं तेच राही. पडदे तीन. महालाचा, रस्त्याचा आणि जंगलाचा. तिन्ही गुंडाप्पा पेंटरांनी रंगवलेले. आसपासच्या सगळ्या गावांच्या जत्रांतले पडदे त्यांचेच असत, आणि त्यांत एक ठरलेली भाषा होती. खांब दिसले की महाल. दिव्याचा खांब आणि वळणारी वाट दिसली की रस्ता. गोल गोल झाडं आणि मागे तीन त्रिकोणी डोंगर दिसले की जंगल. हे डोंगर आमच्या भागात कुठेही नाहीत. पण शाळेत प्रत्येकाने तेच काढलेले असल्यामुळे डोंगर म्हणून तेच ओळखले जात, आणि बसस्टँडवरून रोज दिसणारा घोडेकडा हा नुसताच घोडेकडा होता. त्याच्याकडे कुणी बघायचं कारण नव्हतं.

बघितलं असतं तर दिसलं असतं की त्याची गावाकडची बाजू म्हणजे काळ्या दगडाचे उभे दांडे आहेत, एकाला एक चिकटून, पेन्सिलींची जुडी उभी करावी तसे. प्रत्येक दांड्याला सहा बाजू. कुठे पाच, पण तेवढं चालतं. शालनने हे बघितलं होतं आणि जसंच्या तसं काढलं होतं. एकेका खांबाच्या उजेडातल्या बाजूला राखाडी, सावलीतल्या बाजूला निळसर काळा, आणि मधल्या कडेला चुन्याची बारीक रेघ. पडदा सुंदर झाला होता. तेच त्याच्या विरुद्ध जात होतं, कारण एवढी शिस्त डोंगरात असते यावर कुणाचा विश्वास बसत नव्हता.

मला वाटलं आता शिक्षणाचा उपयोग करावा. मी पुढे होऊन सांगितलं की फार पूर्वी इथे लाव्हारस वाहत होता, तो निवताना आकसला, आणि तळ्यातला चिखल वाळल्यावर जशा भेगा पडतात तशा त्याला सारख्या अंतरावर भेगा पडल्या, म्हणून असे खांब तयार होतात. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरोबर असंल," मंडळाचे अध्यक्ष बापूसाहेब खराडे म्हणाले. "पण हे नाटकात कुठल्या अंकात सांगायचं?"

पुढे मी शहरात प्रदर्शनांतून पुष्कळ निसर्गचित्रं पाहिली. तिथे चित्राखाली नावाची पट्टी असते आणि लोक आधी पट्टी वाचून मग चित्र ओळखतात. जत्रेतल्या पडद्याला ती सोय नाही.

बापूसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांची अडचण सरळ होती. जुना जंगलाचा पडदा पावसाळ्यात भिजून कुजला होता. गुंडाप्पांचा उजवा हात अर्धांगवायूत गेला होता. त्यांना मुलगा नव्हता. शालन लहानपणापासून त्यांच्याजवळ बसून रंगात घालायचा सरस उकळणं, रंग घोटणं, कापडाला खळ देणं हे करत आली होती, पण पडदा तिने एकटीने कधी केला नव्हता. तालुक्याला नवीन दुकान निघालं होतं, तिथे नाटकाचे पडदे भाड्याने मिळत. बापूसाहेब तिथे जाऊन आले होते. आजूबाजूच्या गावांची मंडळं थांबून बघत होती की तांबुळवाडी काय करते. तांबुळवाडीने भाड्याचा पडदा आणला असता तर सगळ्यांनीच आणला असता, आणि गुंडाप्पांच्या घरातला कुंचला त्या वर्षी संपला असता. शालनच्या चुलत्यांनी त्यानंतरचं सगळं ठरवून ठेवलं होतं: गुंडाप्पांच्या रंगकामाच्या दुकानाच्या जागेत पिठाची गिरणी, आणि शालनसाठी इचलकरंजीचं एक स्थळ, ज्याला पहिल्या बायकोपासूनची दोन मुलं होती.

"अप्पाच सांगतील," बापूसाहेब म्हणाले.

गुंडाप्पा मंडपाच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. त्यांना बोलायला वेळ लागे आणि शब्द एका बाजूने येत, म्हणून ते थोडंच बोलत. पडदा तपासायची त्यांची एक रीत होती. पडदा टांगायचा आणि देवळावरून जो पहिला माणूस जाईल त्याला काही न सांगता आत बोलावून विचारायचं, हे काय आहे. त्याने बरोबर सांगितलं तर पडदा पास. शहाणा माणूस मुद्दाम शोधून आणायचा नाही, आणि दुसऱ्याला विचारायचं नाही. स्वतःचे पडदेही त्यांनी असेच तपासले होते, आणि एकदा रस्त्याच्या पडद्याला एका माणसाने ओढा म्हटल्यावर अख्खा धुऊन पुन्हा काढला होता.

त्यांनी डाव्या हाताने बाहेर खूण केली. बाहेरून हौसाबाई शेरडं घेऊन चालली होती. ही शेरडं रोज घोडेकड्यावरच चरत. मला बरं वाटलं. शालननेही मान वर केली.

हौसाबाई पायरीशी चपला काढून आत आली, देवाला हात जोडले आणि पडद्यासमोर उभी राहिली.

"हे काय हाय?" गुंडाप्पांनी विचारलं.

"महाल," ती म्हणाली. मग जरा जवळ जाऊन बघितलं. "लई मोठा राजा दिसतोय. झुंबर लावायचं ऱ्हायलंय बघ, पोरी."

ती शेरडांमागे निघून गेली. मंडपात कुणी हसलं नाही, कारण गुंडाप्पा शालनकडे बघत होते.

"नापास," ते म्हणाले.

"अप्पा, पण डोंगर असाच आहे."

"आसंल." त्यांनी दम घेतला. "पडदा डोंगराला दाखवायचा न्हाई."

बापूसाहेबांनी घसा साफ केला आणि भाड्याच्या पडद्याचा टेम्पो जत्रेच्या आदल्या दिवशी येईल असं सांगितलं. शालनने विचारलं की तोवर वेळ आहे ना. आहे, ते म्हणाले, आणि असं म्हटल्याबद्दल त्यांना लगेच वाईट वाटलं हे दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालन घोडेकड्यावर निघाली आणि मला बरोबर ये म्हणाली. चित्रकाराला सोबत कशाला लागते मला कळलं नाही. वाटेत कळलं की तिला फक्त बापूसाहेबांच्या कुत्र्याची भीती वाटते.

कड्याच्या पायथ्याशी पडलेल्या दांड्यांवर आम्ही बसलो. तुटलेल्या दांड्याचं टोक अगदी फरशीसारखं सपाट होतं आणि त्याला सहा कोपरे होते. वरची रांग मात्र सरळ नव्हती. काही खांब उंच, काही मध्येच मोडलेले, त्यांच्या डोक्यांवर गवत आणि एका डोक्यावर हौसाबाईचं एक शेरडू. शालन बराच वेळ मान मागे टाकून बघत राहिली. तिने कागद आणला नव्हता.

"हे खांब कशासाठी आहेत?" तिने विचारलं.

मी लाव्हारसापासून सुरुवात केली.

"ते नको. हे काय उचलून धरतात?"

मी वर पाहिलं. वर आभाळ होतं.

"काही नाही," मी म्हणालो.

"हं," ती म्हणाली आणि उठली.

काय झालं होतं ते मला मंडपात परत आल्यावर दिसलं. रंगमंचावर पडद्याच्या वर लाल कापडाची झालर असते, ती मंडपातही लावली होती. शालनने खांब इतके उंच नेले होते की ते थेट झालरीला जाऊन भिडत होते. झालर छत झाली होती आणि खांब ती तोलून धरत होते. हौसाबाईला झुंबराची आठवण झाली ती उगीच नव्हती.

शालनने वरचा हातभर भाग पांढरा करून टाकला. तो वाळल्यावर खांब मोडले, एक इथे, एक तिथे, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर सहा कोनांची फरशी काढून वर नुसतं फिकट आभाळ सोडलं. डोक्यांवर गवत रंगवलं. शेरडू मात्र रंगवलं नाही. राजा दुःखात असताना मागे शेरडू नको, एवढं तिला कळत होतं. काम चालू असताना गुंडाप्पा खुर्चीवर बसून होते. एकदा त्यांनी रंगाच्या भांड्याकडे बोट दाखवलं, आणि तिने त्यात आणखी सरस घातला.

संध्याकाळी पुन्हा तपासणी झाली. या वेळी देवळावरून पिठाच्या गिरणीवाला नबीलाल चालला होता. त्याने टोपी मागे सारून पडदा बघितला.

"पडका महाल," तो म्हणाला.

गुंडाप्पांनी पुष्कळ वेळ विचार केला. "अर्धा पास," ते म्हणाले.

असा निकाल आधी कधी लागला नव्हता, त्यामुळे पुढे काय करायचं याचा नियम नव्हता. रंगराव म्हणाले की मी राज्य सोडून रानात निघालोय, दुसऱ्याच्या पडक्या घरात भाडेकरू म्हणून निघालेलो नाही. तलाठी म्हणाले की आपण संवाद बदलू शकतो. बापूसाहेबांनी सगळ्यांचं ऐकून तोडगा काढला. शालनचा पडदा लावायचा. त्याच्या पुढे भाड्याचा पडदा गुंडाळून वर बांधून ठेवायचा. लोकांनी वनवासाला हसायला सुरुवात केली की पहिल्या रांगेतून ते उपरण्याने खूण करतील, आणि भाड्याचा पडदा खाली सोडायचा. दोर प्रॉम्प्टरकडे, कारण तो विंगेतच असतो आणि त्याचा एक हात मोकळा असतो.

"एकदा सोडला की मग तोच," बापूसाहेब शालनला म्हणाले. "पुढच्या सालीबी."

ती हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार.

जत्रेच्या आदल्या दिवशी गावचा ट्रान्सफॉर्मर जळला. वीज मंडळाने लवकरच येऊ असं कळवलं, म्हणजे जत्रेनंतर. नाटक पुढे ढकलायचं तर पाहुणे परत जाणार, म्हणून इतिहासात पहिल्यांदा नाटक दुपारी करायचं ठरलं. शाळेच्या मैदानावर रंगमंच उभारला. रंगरावांना हे मान्य नव्हतं. उन्हात त्यांचा मेकअप वांग्यासारखा दिसत होता आणि मुकुटावरची काच काच म्हणूनच ओळखू येत होती. पण मैदान भरलं. आजूबाजूच्या मंडळांचे लोकही आले होते आणि पुढेच बसले होते. गुंडाप्पांची खुर्ची बायकांच्या बाजूला, शेवटच्या रांगेपाशी ठेवली होती. त्यांनीच तिथे मागितली होती.

शालन माझ्या समोरच्या विंगेत उभी होती. तिने चेहऱ्यावर काही येऊ दिलं नव्हतं. मी एका हातात नाटकाची पोथी आणि दुसऱ्या हातात दोर घेऊन उभा असलेला बघून तिने नजर काढून घेतली.

पहिला अंक बरा गेला. मग महाल वर गेला आणि घोडेकडा दिसला.

मैदानात शांतता झाली. ती चांगली की वाईट हे विंगेतून कळत नाही. रंगराव वल्कलं नेसून आले, मधोमध उभे राहिले, एक हात पडद्याकडे केला आणि म्हणाले, "हे अनोळखी अरण्या, आता तूच माझा."

"अनोळखी कसलं?" मागून कुणीतरी म्हणालं. "घोडेकडा हाय त्यो."

सगळी डोकी एकदम वर झाली. तोवर माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं की शाळेच्या मैदानावरून घोडेकडा थेट रंगमंचाच्या मागे उभा असतो. रात्रीच्या नाटकात तो कधी दिसला नव्हता. आता दुपार कलली होती, ऊन तिरपं पडत होतं, आणि पडद्यावरचे मोडके खांब जिथे संपत होते त्याच्या वर तेच खांब दगडाचे उभे होते. लोक एकदा पडद्याकडे बघत होते, एकदा डोंगराकडे.

"आयला, त्योच की," दुसरा म्हणाला.

"म्हाराज, आमची शेरडं रोज चरत्यात तितं," तिसरा म्हणाला. "ये घरला जेवायला."

मग हसू फुटलं. आधी पोरांत, मग पुरुषांत, मग पाहुण्या मंडळांच्या रांगेत. पडदा पास झाला होता, पुरता पास, आणि त्यामुळेच वनवास बुडाला होता. बापूसाहेबांनी उपरणं वर केलं.

शालनने ते पाहिलं. मग माझ्या हातातल्या दोराकडे पाहिलं.

रंगराव मात्र माझ्याकडे बघत होते. एक गोष्ट सांगायला हवी: रंगराव पाठांतर करत नसत. विंगेतून जे येईल ते खणखणीत आवाजात म्हणत, अर्थाची चौकशी करत नसत. मागे एकदा मी "पान चिकटलंय" असं पुटपुटलो होतो तर तेही त्यांनी शत्रूला उद्देशून म्हटलं होतं. आता त्यांना वाक्य हवं होतं आणि पोथीत असं वाक्य नव्हतं. बापूसाहेबांचं उपरणं दुसऱ्यांदा वर झालं.

मी दोर खिळ्याला अडकवला आणि म्हणालो, "लोकहो, डोंगर तुमचा आहे."

"लोकहो," रंगराव गरजले, "डोंगर तुमचा आहे."

"मला आता घर नाही."

"मला आता घर नाही."

हसू थोडं कमी झालं. पुढचं मला सुचेना. समोरच्या विंगेतून शालन हलक्या आवाजात म्हणाली, "राहू द्याल का?"

रंगरावांनी मान तिकडे वळवली. बाईच्या आवाजात प्रॉम्प्टिंग त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. कशामुळे कोण जाणे, ते या वेळी गरजले नाहीत. मुकुट नव्हता, म्हणून की काय, त्यांनी उगीचच डोक्यावरून हात फिरवला, वळून त्या मोडक्या खांबांकडे बघितलं, मग त्यांच्यावरच्या खऱ्या डोंगराकडे, आणि दूध घालायला आलेल्या माणसाशी बोलतात तशा साध्या आवाजात विचारलं, "राहू द्याल का?"



"ऱ्हा की बाबा," बायकांच्या बाजूने हौसाबाई म्हणाली. "कोण नगं म्हनतंय."

यावर कुणी हसलं नाही. तिच्या शेजारच्या बाईने पदर डोळ्यांना लावला. रंगरावांच्याही डोळ्यांत पाणी आलं, काजळ असेल. बापूसाहेबांचं उपरणं खाली आलं आणि त्यांनी ते मांडीवर नीट घडी करून ठेवलं. राजाने पुढचा सगळा वनवास घोडेकड्यावर काढला, आणि शेवटी त्याला राज्य परत मिळालं तेव्हा लोकांना त्याचा तितकासा आनंद झालेला दिसला नाही.

नाटक सुटल्यावर भाड्याचा पडदा न उलगडताच टेम्पोत चढला. पाहुण्या मंडळांचे लोक शालनभोवती उभे होते. एकाला पडद्यावर त्यांच्या गावचा धबधबा हवा होता. दुसऱ्याच्या गावात डोंगर नव्हता, तर आमच्याकडे काय आहे ते येऊन बघा म्हणत होता. तिचे चुलते जरा लांब उभे राहून नबीलालशी बोलत होते, गिरणीचा धंदा आता पूर्वीसारखा राहिला नाही असं काहीतरी. पुष्कळ लोक घरी न जाता मैदानातच थांबले होते आणि डोंगराकडे बोट दाखवून खांब मोजत होते.

शालन वडिलांच्या खुर्चीपाशी आली. गुंडाप्पा शेवटच्या रांगेतून अजून पडद्याकडेच बघत होते.

"निळा जास्ती झालाय," ते म्हणाले. "सावलीत."

"उन्हात तसा दिसतो," ती म्हणाली. "दिव्यात दिसणार नाही."

त्यांनी विचार केला. "मग ऱ्हाऊ दे."

तेवढ्यात बापूसाहेब आले. त्यांनी आधी गुंडाप्पांची तब्येत विचारली, मग जळलेल्या ट्रान्सफॉर्मरला थोडी नावं ठेवली, आणि मग मुद्द्यावर आले. महालाचा पडदाही विरलाय. पुढच्या सालापर्यंत नवा लागेल. तोही शालननेच करावा, असं मंडळाचं म्हणणं आहे. मंडळाची सभा झाली नव्हती, पण अध्यक्ष तेच होते.

शालनने पदराचं टोक खोचलं आणि विचारलं, "महाल कसा हवा?"

"महालासारखा. झोकदार."

"खांब घालू ना?"

बापूसाहेबांनी तोंड उघडलं, मग थांबले. त्यांनी वळून घोडेकड्याकडे पाहिलं. पोरं अजून खांब मोजत होती. ते बराच वेळ बघत राहिले, जन्मापासून बघितलेल्या गोष्टीकडे माणूस पहिल्यांदा बघतो तसे.

"खांब नगोत," ते म्हणाले. "लोकांस्नी डोंगर वाटंल."